घेरी येणारा माणूस आणि नाडीचा हिशोब



या पानावर मी नेहमी लागण, खोडवा, खतांचे हप्ते किंवा हुमणी यांविषयी लिहितो. या वेळचा विषय शेतकी खात्याचा नाही. पण तो आपल्याच मंडपात घडलेल्या प्रसंगावरून निघाला आहे, म्हणून संपादकांनी जागा दिली.

गेल्या वार्षिक सभेत श्रद्धांजलीच्या ठरावाला सगळे उभे राहिले. दोन तास मांडी घालून बसलेली माणसं, वर पत्रा, बाहेर रणरणतं ऊन. दोन मिनिटांची शांतता पुरी व्हायच्या आतच मागच्या बाजूला आमच्या एका गटातल्या सभासदाचा मुलगा, वय वर्षे एकोणीस, धाडकन खाली कोसळला. पडल्यावर त्याचे हातपाय तीन-चार वेळा झटकले गेले, डोळे उघडेच होते. लगेच "फिट आली, फिट आली" म्हणून गलका झाला. एकाने चप्पल नाकाशी धरली, दुसरा कांदा शोधायला धावला. दोघांनी बगलेत धरून त्याला खुर्चीवर ताठ बसवलं, तशी त्याने पुन्हा मान टाकली. शेवटी सभेला आलेल्या एका नर्सबाईंनी सगळ्यांना बाजूला सारलं, मुलाला सतरंजीवर आडवं केलं आणि त्याचे पाय खुर्चीवर ठेवले. अर्ध्या मिनिटात पोरगं बोलायला लागलं.

त्याचे वडील संध्याकाळी मला म्हणाले, "साहेब, चार वर्षं झाली, फिटच्या गोळ्या चालू आहेत. कुणाला बोललो नाही. पाहुण्यांत कळलं तर थोरल्या पोरीच्या लग्नाचं अवघड होईल." नर्सबाईंचं मत पडलं की ही फिट वाटत नाही, मोठ्या दवाखान्यात एकदा नीट तपासून घ्या. मी त्यांच्याबरोबर शहरात गेलो. तिथे जे पाहिलं आणि डॉक्टरांना खोदून खोदून जे विचारलं, ते सभासदांच्या माहितीसाठी लिहीत आहे.

प्रथम माणूस उभ्याउभ्या का पडतो ते बघू. आपण उठून उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांत आणि पोटात उतरते. पाणी उताराला जाते तसेच हे. तेवढे रक्त हृदयाकडे कमी परतते, म्हणून पुढच्या ठोक्याला कमी फेकले जाते, आणि डोके सगळ्यांत उंचावर, त्यामुळे टेल-एंडच्या शेतकऱ्यासारखी मेंदूची अवस्था होते. हे टाळण्यासाठी मानेतल्या मोठ्या धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीत दाब ओळखणारी ठिकाणे आहेत. दाब किंचित उतरला की तिथून मेंदूच्या देठाकडे खबर जाते आणि दोन प्रकारच्या मज्जातंतूंतून हुकूम सुटतात. एक प्रकार वेग वाढवणारा. तो रक्तवाहिन्या आवळतो आणि ठोके वाढवतो. दुसरा ब्रेकचा, त्याचे नाव व्हेगस. उभे राहताना ब्रेक सैल सुटतो आणि वेग वाढतो. निरोगी माणसात हे काम काही सेकंदांत होते, आपल्याला पत्ताही लागत नाही. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात, म्हणून चालणारा सहसा पडत नाही. पडतो तो स्तब्ध उभा राहणारा. परेडमध्ये सावधान उभा असलेला जवान, तोडणीच्या पाळीसाठी रांगेत तिष्ठणारा माणूस आणि श्रद्धांजलीला उभा असलेला आपला सभासद, सगळे एकाच जातीचे.

काही लोकांत मात्र थोडा वेळ ही व्यवस्था नीट चालते आणि मग अचानक हुकूम उलटा सुटतो. रक्तवाहिन्या सैल पडतात, व्हेगस करकचून ब्रेक लावतो, नाडी मंद होते. घाम सुटतो, मळमळते, डोळ्यांपुढे अंधारी येते. मेंदूला सहा ते आठ सेकंद रक्त मिळाले नाही तर शुद्ध जाते. इंग्लंडमधले हृदयतज्ज्ञ सर थॉमस लुईस यांनी १९३२ साली या प्रकारावर लिहून त्याला 'वॅसोव्हेगल' हे नाव रूढ केले. वॅसो म्हणजे रक्तवाहिनी आणि व्हेगल म्हणजे व्हेगसचे. दोन्ही शब्द मुद्दाम जोडलेले आहेत, कारण अ‍ॅट्रोपीन देऊन नाडी वाढवली तरी रक्तदाब खालीच राहतो असे त्यांना आढळले. म्हणजे दोष नुसत्या मंद नाडीचा नव्हता, सैल पडलेल्या रक्तवाहिन्यांचाही होता.

रक्त बघून, इंजेक्शनची सुई बघून, वाईट बातमी ऐकून जी घेरी येते तीही बहुतेक वेळा याच घराण्यातली. यात मनाचा दुबळेपणा काही नाही. चांगला तालमीतला गडीसुद्धा पडतो.

आता नाडीच्या हिशोबाकडे वळू. हे वाचता वाचताच एक प्रयोग करून बघा. मनगटावर तीन बोटे ठेवा, सावकाश दीर्घ श्वास घ्या आणि सावकाश सोडा. श्वास घेताना नाडी जरा भरभर होते आणि सोडताना जरा सावकाश. तरुण माणसात हे बोटांना कळते, वय वाढेल तसे कमी होत जाते. हा बिघाड नाही, उलट प्रकृती ठीक असल्याची खूण आहे. १८४७ साली कार्ल लुडविग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने आपल्या फिरत्या ढोलाच्या यंत्रावर हा चढउतार रेघेने काढून दाखवला होता.

आपण नाडी मिनिटाला बहात्तर, पंचाहत्तर अशी मोजतो. ती सरासरी झाली. ई.सी.जी.च्या पट्टीवर प्रत्येक ठोक्याला एक उंच टोक येते, आणि दोन टोकांमधले अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजता येते. त्या भागाला मिलिसेकंद म्हणतात. समजा एका माणसाच्या लागोपाठ दहा ठोक्यांतली अंतरे अशी आली: ८२०, ८६०, ८९०, ८५०, ८००, ७८०, ८१०, ८६०, ८८०, ८५०. बेरीज ८४००, सरासरी ८४०, म्हणजे नाडी मिनिटाला सुमारे ७१. दुसऱ्या माणसाची दहाही अंतरे ८४० आली, तर त्याचीही सरासरी तीच आणि नाडीही तीच. पण पहिल्याच्या आकड्यांत श्वासाची लाट दिसते आहे: अंतर ८९० पर्यंत चढले, ७८० पर्यंत उतरले, परत ८८० पर्यंत चढले. दुसऱ्याचे हृदय घड्याळासारखे चालले आहे, कोणाचे हुकूमच त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत अशा तऱ्हेने.

आपल्या मॅच्युरिटी सर्व्हेत आपण हेच करतो. बुडख्याचा ब्रिक्स २१ आणि शेंड्याचा १५ असला काय, किंवा दोन्हीकडे १८ असला काय, सरासरी १८च निघते. पण पहिला ऊस कच्चा असतो आणि दुसरा तोडीला आलेला. फरक एवढाच की उसात सारखेपणा चांगला आणि हृदयात नाही. मला हे कळायला जरा वेळ लागला, कबूल करतो.

या अंतरांच्या कमीजास्तपणाला डॉक्टर 'हार्ट रेट व्हेरिअ‍ॅबिलिटी' म्हणतात, आपण 'नाडीतला चढउतार' म्हणू. तो मोजायच्या रीती अनेक आहेत. सोपी रीत म्हणजे पाच मिनिटांची पट्टी घ्यायची, तीत साडेतीनशेच्या आसपास ठोके येतात, आणि सरासरीपासून प्रत्येक अंतर किती दूर आहे याचा हिशोब करायचा. दुसरी रीत, प्रत्येक अंतर शेजारच्या अंतरापेक्षा कितीने वेगळे ते बघायचे. यात व्हेगसचे काम जास्त उमटते, कारण ठोक्यागणिक फरक करण्याइतका चपळ तोच आहे. तिसरी रीत लाटा वेगळ्या करण्याची. अडीच ते सुमारे साडेसहा सेकंदांनी येणारी लाट श्वासाची आणि व्हेगसची. सुमारे साडेसहा ते पंचवीस सेकंदांनी येणारी लाट मुख्यतः रक्तदाब सावरण्याच्या धडपडीची. तीत ब्रेक आणि वेग दोन्हींचा हात असतो. १९८१ साली अ‍ॅक्सेलरॉड आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांना औषधे देऊन एकेका मज्जातंतूचे काम थांबवले आणि कोणती लाट कशाने पुसली जाते ते पाहिले. पुढे १९९६ साली युरोप आणि अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून मोजणीचे नियम ठरवून दिले, नाहीतर प्रत्येकाचा काटा वेगळा आणि वजन वेगळे असा प्रकार चालला होता.

वजनकाट्यावर एक पावती चुकली तर दिवसाचा मेळ बसत नाही, तसे इथेही आहे. मधेच एखादा ठोका अवेळी पडला, किंवा वायर हलून खोटे टोक आले, तर सगळा हिशोब फुगतो. म्हणून असे ठोके आधी निवडून काढावे लागतात. मनगटावरची घड्याळे हाच आकडा हल्ली दाखवतात, पण ती ई.सी.जी.ऐवजी बहुधा प्रकाशाने नाडी टिपतात. हात हलला की आकडा भरवशाचा राहात नाही. शिवाय माणसामाणसांत मुळातच एवढा फरक असतो की शेजाऱ्याच्या आकड्याशी आपला ताडून बघण्यात अर्थ नाही. आमच्या या मुलाकडेही तसले घड्याळ होते आणि सकाळी आकडा कमी दिसला की तो दिवसभर घाबरून बसायचा.

दवाखान्यात त्याची कलत्या टेबलावरची तपासणी झाली. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी १९८६ साली ही तपासणी कारण न सापडणाऱ्या घेरीसाठी उपयोगाची असल्याचे दाखवून दिले, तेव्हापासून ती जगभर चालते. माणसाला टेबलावर निजवून पट्ट्यांनी बांधतात, छातीला ई.सी.जी.च्या वायरी, हाताला रक्तदाबाचे यंत्र. काही वेळ आडवे ठेवून मग टेबल ६० ते ७० अंशांत उभे करतात आणि वीस ते पंचेचाळीस मिनिटे तसेच ठेवतात. गरज पडली तर जिभेखाली औषध देतात. पायांनी हालचाल करायची नाही, म्हणजे आपली श्रद्धांजलीच, पण डॉक्टर शेजारी उभे असताना.

आडवा असताना मुलाची अंतरे ९०० च्या आसपास होती आणि श्वासाची लाट छान मोठी होती. टेबल उभे केल्यावर अंतरे ६५० वर आली, लाट बारीक झाली. हे कोणाच्याही बाबतीत होते. ब्रेक सैल सुटल्याची ती खूण. वीस मिनिटे काही झाले नाही. मग तो म्हणाला, "मळमळतंय." पडद्यावर आकडे पळत होते: ६२०, ६४०, ७१०, ९००, १३००, आणि मग साडेतीन सेकंद एकही ठोका नाही. मान कलली, हात दोनदा झटकले. डॉक्टरीणबाईंनी टेबल झटकन आडवे केले आणि नाडी परत आली. त्याच्या वडिलांनी माझा दंड एवढा घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशीही दुखत होता.

झटके का आले? बाईंनी सांगितले की मेंदूला रक्त कमी पडले की साध्या घेरीतही स्नायू झटकतात. १९९४ साली बर्लिनमधल्या डॉक्टरांनी धडधाकट माणसांना मुद्दाम घेरी आणून चित्रण केले होते. पूर्ण बेशुद्ध पडलेल्या ४२ जणांपैकी ३८ जणांना असे झटके आले, आणि बहुतेकांचे डोळे उघडे होते. यातल्या कोणालाही मिरगी नव्हती. मिरगीचे झटके साधारणपणे जास्त वेळ, एका तालात चालतात, जीभ कडेला चावली जाते आणि नंतर माणूस बराच वेळ भांबावलेला राहतो. साध्या घेरीत आडवे केले की माणूस लवकर भानावर येतो.

मी बाईंना विचारले की एवढा बारीक हिशोब करता येतो, तर पाच मिनिटांची पट्टी काढून कोण पडणार आणि कोण नाही हे आधीच का सांगता येत नाही? माझ्या मते हाच या विषयातला खरा मुद्दा आहे. या प्रश्नावर पुष्कळ अभ्यास झाले आणि त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. काहींना घेरी येणाऱ्यांत आडवे असतानाच व्हेगसचा जोर जास्त दिसला, काहींना उभे केल्यावर सुरुवातीला वेगाच्या मज्जातंतूंचा अतिरेक दिसला, तर काहींना धडधाकट माणसांपेक्षा काहीच फरक दिसला नाही. मोठ्या आणि लहान लाटेचे गुणोत्तर काढून 'वेग आणि ब्रेक यांचा तोल' सांगायची पद्धत एक काळ फार चालली. आता तीवर बरीच टीका झालेली आहे, कारण मोठ्या लाटेत दोन्ही मिसळलेले असतात. आणखी एक अडचण मुळातली आहे. लाटांचा हिशोब करायला काही मिनिटे स्थिती स्थिर असावी लागते, आणि घेरी येण्याआधीचे क्षण तर पूर्ण अस्थिर. पाटाचे दार उघडत असतानाच पट्टी लावून विसर्ग मोजल्यासारखे ते होते. म्हणून नाडीतला चढउतार हे शरीरात काय चालते ते समजून घ्यायचे चांगले साधन आहे, पण एकट्या त्याच्यावरून साध्या घेरीचे निदान करत नाहीत. निदान होते ते घडलेल्या हकिकतीवरून, उभ्याआडव्या रक्तदाबावरून, साध्या ई.सी.जी.वरून आणि गरज असेल तर कलत्या टेबलावरून.

हकिकत हा शब्द महत्त्वाचा. चार वर्षांपूर्वी या मुलाला पहिल्यांदा नेले तेव्हा "पोरगं पडलं आणि झटके आले" एवढेच सांगितले गेले. तो शाळेच्या प्रार्थनेला उभा होता, उपाशी होता, आधी मळमळले होते, हे कोणी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

चढउताराचा हिशोब जिथे नक्की उपयोगी पडतो ते ठिकाण म्हणजे मधुमेह, आणि आपल्या सभासदांत मधुमेही थोडे नाहीत. जुन्या मधुमेहात हे मज्जातंतूच झिजतात. मिनिटाला सहा असे दीर्घ श्वास घ्यायला लावून सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी नाडीतला फरक बघतात. पन्नाशीच्या आतल्या माणसात तो मिनिटाला पंधराच्या वर असायला हवा. उभे राहिल्यावर पंधराव्या ठोक्याच्या सुमारास अंतर सर्वांत कमी होते आणि तिसाव्याच्या सुमारास परत वाढते, तेही तपासतात. हे चढउतार पुसले गेले असतील तर उठल्याबरोबर रक्तदाब घसरून माणूस पडू शकतो. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब वीसने किंवा जास्त उतरला तर डॉक्टर ते गंभीरपणे घेतात. रक्तदाबाच्या आणि लघवीच्या त्रासाच्या काही गोळ्यांनीही असे होते, म्हणून चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्यावी. हार्ट अ‍ॅटॅकनंतरही हा हिशोब बोलका ठरला. अमेरिकेत १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ८०८ रुग्णांच्या अभ्यासात, चोवीस तासांचा चढउतार ५० मिलिसेकंदांपेक्षा कमी असलेल्यांत मृत्यूचा धोका १०० च्या वर असलेल्यांपेक्षा पाचपटीहून जास्त निघाला.

सगळी घेरी साधी नसते, हे स्पष्ट लिहिणे भाग आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या अभ्यासात ७८१४ माणसांवर सरासरी सतरा वर्षे नजर ठेवली. ८२२ जणांना घेरी आली. वॅसोव्हेगल घेरीवाल्यांचे आयुष्य इतरांएवढेच होते. ज्यांची घेरी हृदयाच्या दोषामुळे होती त्यांच्यात मात्र मृत्यूचे प्रमाण दुप्पट. तेव्हा काम करताना किंवा पळताना भर श्रमात पडणे, निजलेले किंवा बसलेले असताना शुद्ध जाणे, काहीही पूर्वसूचना न मिळता कोसळणे, आधी छातीत धडधड किंवा दुखणे, घरात कोणी तरुणपणी अचानक वारलेले असणे, किंवा हृदयविकार आधीच माहीत असणे, यातले एकही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. "ऊन लागलं असेल" म्हणून घरी लिंबूपाणी पाजत बसू नये.

साध्या घेरीवर औषधापेक्षा सवयी उपयोगी. मळमळ, घाम, अंधारी सुरू झाली की लाज न बाळगता खाली बसावे, जमले तर आडवे व्हावे. तेवढी सोय नसेल तर पायावर पाय टाकून मांड्या आणि पोट घट्ट आवळावे, हाताची बोटे एकमेकांत अडकवून जोराने ओढावी. त्याने आवळलेले रक्त वर जाते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या २२३ रुग्णांच्या चाचणीत हे शिकवलेल्यांपैकी ३२ टक्क्यांना पुन्हा घेरी आली, न शिकवलेल्यांपैकी ५१ टक्क्यांना. बराच वेळ उभे राहायचे असेल तर आधी अर्धा लिटर पाणी पिऊन घ्यावे. मिठाचे प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये, आणि मूत्रपिंड किंवा हृदयाच्या रुग्णांनी पाण्याचेही विचारूनच. पडलेल्याला उभे करू नये, खुर्चीवर बसवू नये, तोंडात पाणी ओतू नये. आडवे करून पाय वर करावेत, उलटी होत असेल तर कुशीवर करावे. एक-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही तर गाडी बोलवावी; श्वास चालू नसेल तर छाती दाबायला लगेच सुरुवात करावी.

ज्याला वारंवार घेरी येते त्याने विहिरीच्या काठावर एकटे जाणे, भरलेल्या उसाच्या गाडीवर चढणे आणि ट्रॅक्टर चालवणे डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत बंद ठेवावे. यात कोणाचा कमीपणा नाही.

मुलाच्या फिटच्या गोळ्या मेंदूच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासणी करून टप्प्याटप्प्याने कमी केल्या आणि आता बंद आहेत. कोणीही वाचून आपल्या मनाने गोळ्या सोडू नयेत, ते धोक्याचे आहे. ही हकिकत छापायला त्याच्या वडिलांनी परवानगी दिली, नाव मात्र घालू नका म्हणाले. घड्याळ त्याने धाकट्या भावाला देऊन टाकले.

यंदाच्या सभेत मंडपाच्या दोन्ही बाजूंना पिण्याच्या पाण्याचे पिंप ठेवावे आणि श्रद्धांजलीच्या वेळी ज्यांना हा त्रास आहे त्यांनी जागेवर बसून राहिले तरी चालेल असे व्यासपीठावरून आधीच सांगावे, अशी लेखी सूचना मी चेअरमनसाहेबांकडे दिली आहे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग